एक अक्षर, दोन वाचने

चिनी घरात वडिलांच्या थोरल्या भावाला ‘बोबो’ म्हणतात, धाकट्याला ‘शूशू’ आणि आईच्या भावाला ‘ज्यूज्यू’. जपानी माणूस या तिघांनाही ‘ओजी’ म्हणून मोकळा होतो. पण हाच ‘ओजी’ लिहायची वेळ आली की त्याला थांबावे लागते. आई किंवा वडिलांहून वयाने मोठ्या भावासाठी एक चिनी चिन्हजोडी आहे, लहान भावासाठी दुसरी. उच्चार मात्र एकच. चुलत, आते, मामे, मावस भावंडांचेही तसेच आहे. बोलताना सगळी ‘इतोको’, कागदावर मात्र ते भावंड मुलगा की मुलगी, आपल्याहून थोरले की धाकटे, हे पाहून चिन्हे बदलतात. चीनमधून आलेली नात्यांची उतरंड जपानी लेखणीने उचलली, जपानी जिभेने नाही.

चिनी आणि जपानी साहित्याच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकापुढे मी हे उदाहरण सर्वांत आधी ठेवतो. दोन संस्कृतींतला फरक दाखवायचा म्हटले की दोघींच्या निरनिराळ्या वस्तू शेजारी मांडून यादी करण्याकडे आपला कल असतो. चीन आणि जपानच्या बाबतीत त्या वाटेने हाती फारसे लागत नाही. या दोन देशांत जे सामाईक आहे, म्हणजे तेच चिन्ह, तीच कविता, तेच ग्रंथवचन, त्यातच त्यांचा वेगळेपणा सर्वांत ठळक दिसतो. जपानने चीनकडून जवळजवळ सगळे घेतले आणि घेतलेले जवळजवळ काहीच होते तसे ठेवले नाही. या क्षेत्राचा खरा विषय मला हाच वाटतो.

नात्यांचा मुद्दा थोडा पुढे नेतो. अठराव्या शतकातल्या छाओ श्वेचिनची ‘होंगलौ मंग’ ही चीनची सर्वांत थोर कादंबरी मानली जाते. तिचा नायक बाओयू. त्याच्या आयुष्यातल्या दोन मुलींपैकी दाययू त्याची आतेबहीण आणि बाओछाय मावसबहीण. दाययू रुसते तेव्हा बाओयू तिची समजूत काढताना हेच नाते पुढे करतो: तू आत्याची मुलगी, ती मावशीची, तेव्हा जवळची तूच. इंग्रजी वाचकाला इथे तळटीप लागते, आपल्याला लागत नाही. आपल्याला सांगावी लागते ती दुसरी गोष्ट. चीनमध्ये हा हिशेब घरापुरता नव्हता. कोणी कोणासाठी किती काळ आणि कोणत्या वस्त्रांत शोक पाळायचा याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या होत्या आणि आप्तांमधल्या गुन्ह्याची शिक्षासुद्धा त्या पायऱ्यांवरून कमीजास्त होई. नातेसंबंधाचा शब्द हा तिथे कायद्याचाही शब्द होता.

याउलट अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबूने लिहिलेली ‘गेंजी मोनोगातारी’ उघडा. चौपन्न प्रकरणांच्या या कथेत बहुतेक माणसांना नावाने हाकच मारलेली नाही. राणी ओळखली जाते ती तिच्या महालाच्या अंगणातल्या फुलवेलीवरून, एक मानिनी राहत्या रस्त्याच्या क्रमांकावरून, एक अल्पायुषी प्रेयसी तिच्या कुंपणावरच्या संध्याकाळी उमलणाऱ्या फुलावरून. पुरुषांचा उल्लेख दरबारी हुद्द्याने, आणि बढती झाली की तो हुद्दा बदलतो. खुद्द ‘गेंजी’ हेही बापाने दिलेले कुळनाम, त्याचे स्वतःचे नाव आपल्याला कधीच कळत नाही. नाव उच्चारणे चीनमध्येही अदबीला धरून नव्हते. पण चिनी कादंबरीत माणूस वंशवेलीत कुठे बसतो ते आधी सांगावे लागते, तर जपानी कथेत तो कोणत्या दालनात, कोणत्या ऋतूत आणि कोणाच्या नजरेसमोर आहे ते.

हा फरक व्याकरणातही उतरलेला आहे. दोन्ही भाषांत कर्ता गाळायची सवय आहे, म्हणून वरवर पाहता त्या सारख्या वाटतात. अभिजात चिनी कवितेत कर्ता गाळला की तो गेलाच. क्रियापदाला प्रत्यय नाही, लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. डोंगराकडे कोण पाहते आहे, मी, तू की कोणी तिसराच, हे ओळ सांगत नाही, आणि त्यामुळे ती ओळ कोणाचीही होऊ शकते. जपानीत कर्ता गाळला तरी क्रियापदाच्या शेपटातून तो बाहेर डोकावतो. ‘गेंजी’मध्ये पानेच्या पाने कर्त्याचा पत्ता नसतो, पण एखाद्या क्रियापदाला अत्यादराचा प्रत्यय लागला की वाचकाला उमगते, हे बादशहाचे वाक्य आहे. ‘जेवलात का?’ या दोन शब्दांतून समोरचा माणूस मोठा आहे हे ओळखणाऱ्या मराठी कानाला यात काही अवघड नाही. जपानी त्याहीपुढे जाते. ‘देणे’ या एका कृतीसाठी तिथे वेगवेगळी क्रियापदे आहेत: मी दुसऱ्याला दिले तर एक, दुसऱ्याने मला किंवा माझ्या माणसांना दिले तर दुसरे. ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ हे न सांगताही उपकार कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला गेला ते कळते.

लिपी आली कुठून, हे थोडक्यात सांगतो. चीनमध्ये शांग राजवटीच्या काळात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर कौल मागण्यासाठी कोरलेली चिन्हे ही तिची सर्वांत जुनी सलग रूपे. कोरियाच्या वाटेने ती जपानला पोहोचली. एका जपानी तलवारीवरच्या कोरीव लेखातले वर्ष साधारणपणे 471 मानले जाते. आता अडचण पाहा. चिनी शब्द एकेका अक्षराचे आणि विकाररहित, चिनी वाक्य ‘मी वाचतो पुस्तक’ या क्रमाचे. जपानी शब्द लांब आणि प्रत्यय लागणारे, वाक्य मात्र आपल्यासारखे ‘मी पुस्तक वाचतो’ या क्रमाचे, आणि आपल्या ने-ला-चा-त सारखेच नामामागे येणारे छोटे प्रत्यय. एका भाषेची लिपी दुसरीला लागू पडण्याची शक्यता कमीच होती.

जपानी पंडितांनी यावर काढलेला तोडगा जगाच्या वाचनाच्या इतिहासात विलक्षण आहे. चिनी मजकूर त्यांनी जागचा हलवला नाही. त्याच्या कडेला बारीक खुणा केल्या: हे चिन्ह सोड, पुढचे आधी वाच, मग मागे ये, इथे ‘ला’ जोड, इथे क्रियापदाला हा शेवट लाव. डोळ्यांसमोर अस्सल चिनी पान, तोंडून बाहेर पडते ती जपानी भाषा. या पद्धतीला ‘कुंदोकू’ म्हणतात. हजार वर्षांहून अधिक काळ जपानमधला शिकलेला माणूस कन्फ्यूशियसला असाच वाचत आला, चिनी बोलण्याचा एक शब्दही न येता. दोन देशांचे विद्वान भेटले की ते बोलत नसत, समोरासमोर बसून कागदावर लिहून संवाद करीत. एकच पान दोन भाषांत वाचता येते हे एकदा नीट ध्यानात आले, की पुढचा सगळा साहित्यव्यवहार आपोआप उलगडत जातो.

नवव्या शतकात चिनी चिन्हांचे अवयव झिजवून आणि कापून जपानने ‘काना’ ही स्वतःची अक्षरे घडवली. त्यातली गोलाईची ‘हिरागाना’ हे दरबारी स्त्रियांचे हत्यार झाले. राज्यकारभार, इतिहास, धर्मशास्त्र ही चिनी भाषेतली कामे पुरुषांची, आणि पत्रे, रोजनिशी, कथा ही ‘काना’मधली कामे बायकांची, अशी ढोबळ वाटणी होती. ती किती ढोबळ हे मुरासाकीच्या रोजनिशीवरून कळते. भावाची शिकवणी चालू असताना शेजारी बसून तीच त्याच्या आधी चिनी पाठ करी, आणि ही मुलगी मुलगा का झाली नाही म्हणून विद्वान बाप हळहळे, असे तिने लिहून ठेवले आहे. पुढे राणीला चिनी कविता शिकवायची वेळ आली तेव्हा तिने ती लपूनछपून शिकवली. जगातली पहिली मोठी कादंबरी म्हणून जिचा गौरव होतो, ती आपल्याला येत असलेली विद्या झाकून ठेवणाऱ्या बाईने लिहिली. चीनमध्ये त्या काळी असे स्त्रीगद्य दरबाराच्या केंद्रस्थानी उभे राहिले नाही. दोन साहित्यांतल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी हा एक.

आता एक कविता दोन्ही बाजूंनी पाहू. कवी बाय जुयी, जन्म 772, मृत्यू 846. थांग राजवटीतला हा मोठा अधिकारी. 815 मध्ये त्याची राजधानीतून उचलबांगडी होऊन त्याला दक्षिणेत जियांगजौ इथे दुय्यम पदावर पाठवले गेले. तिथे लू पर्वताच्या परिसरात त्याने एक झोपडी बांधली आणि तिच्याबद्दल आठ ओळींची कविता लिहिली. अंथरुणात पडल्या पडल्या जवळच्या मठाची घंटा ऐकतो आहे, पडदा सारून शिखरावरचे बर्फ पाहतो आहे. पुढच्या ओळींत तो म्हणतो की प्रसिद्धीपासून दूर पळायला ही जागा बरी, आणि म्हातारपण घालवायला हे छोटे पदही काही वाईट नाही. बर्फाचे चित्र सुंदर आहे, पण कवितेचा कणा नोकरीतून डावलल्या गेलेल्या माणसाचा स्वतःशी चाललेला तडजोडीचा संवाद हाच आहे.

दीडशेहून अधिक वर्षे उलटली. जपानच्या राजधानीत, आजच्या क्योतोत, बर्फ खूप पडलेले आहे. राणी तेइशीच्या दालनाच्या झडपा लावून बायका शेकोटीभोवती गप्पा मारत बसल्या आहेत. राणी एकदम विचारते, शोनागोन, त्या शिखरावरचे बर्फ कसे असेल ग? सेई शोनागोन काहीच बोलत नाही. झडप उघडायला लावते आणि पडदा उंच धरते. राणी हसते. बाकीच्या म्हणतात, कविता आम्हालाही पाठ होती, पण हे सुचले नसते. शोनागोनने हा प्रसंग आपल्या ‘माकुरा नो सोशी’त नोंदवला आहे. त्यात जियांगजौ नाही, पदावरून झालेली उचलबांगडी नाही, म्हातारपणाची चिंता नाही. उरले ते बर्फ, पडदा आणि ऐन वेळी सुचलेली एक हालचाल. थोड्याच वर्षांनी फुजिवारा नो किंतोने गाऊन म्हणायच्या कवितांचा ‘वाकान रोएइशू’ हा संग्रह केला. त्यात चिनी कवितांतल्या सुट्या जोडओळी जपानी कवितांच्या शेजारी, विषयवार लावलेल्या आहेत. सर्वांत जास्त जोडओळी बाय जुयीच्याच. ज्या कवितेने चीनमध्ये एका अधिकाऱ्याचे आयुष्य सांगितले, तिच्यातल्या दोन ओळी जपानमध्ये ऋतूच्या आणि जागेच्या झाल्या.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये, हेही लगेच सांगतो. मुरासाकीने राणीला गुपचूप शिकवल्या त्या बाय जुयीच्या कविता नेमक्या राजकीय आणि सामाजिक टीकेच्या होत्या. जपानी दरबाराला तो भाग माहीत नव्हता असे नाही. त्यांनी तो आपल्या साहित्याचा मुख्य प्रवाह होऊ दिला नाही, इतकेच. आणि बाय जुयीबद्दलचा अवघडलेपणाही त्यांना होता. झेआमीच्या नावावर असलेल्या एका ‘नो’ नाटकात बाय जुयी जहाजाने जपानच्या किनाऱ्याला लागतो. तिथे एक म्हातारा कोळी त्याच्याशी कवितेत सामना करतो. तो कोळी म्हणजे काव्याचा देव सुमियोशी निघतो आणि देवांचा वारा त्या कवीचे जहाज चीनकडे परत लोटून देतो. खरा बाय जुयी जपानला कधी गेला नव्हता. गुरूला आधी रंगमंचावर बोलवावे आणि मग सन्मानाने परत धाडावे, यात जपानचे चीनशी असलेले सगळे नाते मला दिसते.

हा लेख म्हणजे या अभ्यासक्षेत्राची एक प्रस्तावनाच असल्यामुळे दोन प्रस्तावनांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहाला, ‘शिचिंग’ला, हान काळात जोडलेली ‘महाप्रस्तावना’ आणि जपानच्या ‘कोकिनशू’ला 905 च्या सुमारास की नो त्सुरायुकीने कानामध्ये लिहिलेली प्रस्तावना. दोन्ही देशांचे काव्यशास्त्र या दोन छोट्या गद्यलेखांवर उभे आहे. चिनी प्रस्तावनेत कविता मनातल्या संकल्पातून निघते आणि थेट राज्यापर्यंत पोहोचते. गाणी ऐकून राज्य कसे चालले आहे ते ओळखावे, प्रजेने कवितेच्या आडून राजाला चार शब्द सुनवावेत, राजाने कवितेच्या द्वारे पती-पत्नीचे नाते शिस्तीत आणावे, रीतिरिवाज सुधारावेत. त्सुरायुकीने ही प्रस्तावना वाचलेली होती आणि तिचा कित्ता तो उघडपणे गिरवतो. काव्याचे सहा प्रकार, आकाश-पृथ्वी आणि अदृश्य शक्तींना हलवण्याचे काव्याचे सामर्थ्य, हे सगळे तिथून आलेले. पण नेमक्या एका जागी त्याची लेखणी वळते. जिथे चिनी ग्रंथ पती-पत्नीच्या नात्याला वळण लावण्याबद्दल बोलतो, तिथे त्सुरायुकी स्त्री-पुरुषांमधला ताण कवितेने मऊ होतो असे म्हणतो. राजाचे शासन गेले, माणसांतला ओलावा आला. संग्रहाची मांडणीही तशीच आहे: वीस भागांपैकी पहिले सहा ऋतूंचे आणि मध्यावरचे पाच प्रेमाचे.

या वळणाचे कारण स्वभावात शोधणे मला पटत नाही, ते व्यवस्थेत शोधावे. चीनमध्ये सुई राजवटीत सुरू झालेली आणि 1905 मध्ये बंद झालेली राजपरीक्षा हा साहित्याचा पाया होता. थांग काळात त्या परीक्षेत कविता लिहावी लागे. बाय जुयी 800 मध्ये ती पास झाला, त्याच्या आधीचा कवी दू फू नापास झाला, पण दोघांच्याही कवितेचा रोख राज्याकडे होता, कारण साहित्यिक घडत होता तोच मुळी सरकारी सेवेसाठी. जपानने चीनची विद्यालये, हुद्दे, कायदेग्रंथ घेतले. परीक्षेने गरिबाचा मुलगा मंत्री होण्याची वाट मात्र रुजली नाही. वरची पदे जन्माने ठरत. मग कवितेने राज्य सुधारण्याची जबाबदारी कोण घेणार? कविता दरबारी मैफलीत, पत्रांत, प्रेमप्रकरणांत आणि पुढे भिक्षूंच्या भटकंतीत गेली.

दू फूचे नाव निघालेच आहे. आठव्या शतकाच्या मध्यावर आन लूशानच्या बंडाने थांग साम्राज्याचा कणा मोडला. 757 च्या वसंतात दू फू बंडखोरांच्या ताब्यातल्या राजधानीत अडकलेला होता. तिथे त्याने लिहिलेली चाळीस चिन्हांची कविता चिनी शाळांत आजही पाठ केली जाते. आठ ओळी, प्रत्येकीत पाच चिन्हे, आणि मधल्या ओळी जोडीजोडीने अशा बसवलेल्या की एकीतल्या नामासमोर दुसरीत नाम, क्रियापदासमोर क्रियापद यावे. शब्द एकेका अक्षराचे आणि विकाररहित असल्यामुळे चिनीला ही जडणघडण साधते. राज्य कोसळलेले आणि निसर्ग जागच्या जागी, इथून कविता सुरू होते. युद्ध, घरच्या पत्राची वाट, अशी आत आत येते आणि टोपीची पिनही न टिकण्याइतक्या विरळ झालेल्या स्वतःच्या पांढऱ्या केसांवर संपते. ती टोपी अधिकाऱ्याची आहे. देशाचा विध्वंस एका नोकरदाराच्या डोक्यावर येऊन थांबतो.

1689 मध्ये मात्सुओ बाशो उत्तरेच्या प्रवासात हिराइझुमीला पोहोचला. तिथे बरोबर पाचशे वर्षांपूर्वी, 1189 मध्ये, मिनामोतो नो योशित्सुने हा वीर घेरला जाऊन मेला होता. बाशो दू फूची तीच कविता आठवतो, आपली टोपी खाली ठेवून तिच्यावर बसतो आणि बराच वेळ रडतो. मग सतरा मात्रांची एक कविता. तिच्यात उन्हाळी गवत आहे आणि मेलेल्या योद्ध्यांची स्वप्ने आहेत. कवी स्वतः नाही, राज्य नाही, केस नाहीत, घरचे पत्र नाही. बाशोवर कोणतेही युद्ध आलेले नव्हते. दू फू ज्या संकटात बुडालेला होता, ते बाशोपर्यंत कवितेच्या रूपाने आले, आणि योशित्सुनेच्या मृत्यूपासूनच्या पाचशे वर्षांच्या अंतरामुळे त्याला त्यातला गवताचा धागा तेवढा उचलता आला. या दोन कवितांपैकी श्रेष्ठ कोणती, या वादात मी पडणार नाही. पण दुसरी पहिलीच्या मांडीवर बसून लिहिली गेली हे विसरून ‘जपानी संवेदनशीलते’बद्दल बोलणे हा बाशोवरच अन्याय आहे. बाशोने या प्रवासाचे जे वर्णन लिहिले त्याचा आरंभही कवी ली बायने एका मेजवानीसाठी लिहिलेल्या चिनी प्रस्तावनेवरून घेतलेला आहे.

मराठी वाचकाला हायकूची ओळख शिरीष पै यांच्यामुळे झाली आणि तो मराठीत रुजलाही. त्यामुळेच एक गोष्ट इथे नमूद करायला हवी. बाशोच्या काळात ही सतरा मात्रांची रचना म्हणजे बहुधा अनेक कवींनी एकत्र बसून गुंफायच्या साखळीकाव्याची पहिली कडी असे. तिला स्वतंत्र कविता म्हणून उभे केले आणि ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते मासाओका शिकीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. एकांतातला ध्यानस्थ कवी ही आपली हायकूबद्दलची कल्पना बैठकीत, मंडळींत, एकमेकांच्या कडीला कडी जोडत चाललेल्या त्या खेळाशी ताडून पाहावी.

चीन म्हणजे नीती आणि राज्य, जपान म्हणजे ऋतू आणि हृदय, असे दोन खण माझ्या आतापर्यंतच्या लिहिण्यातून कोणी तयार करील याची मला काळजी वाटते. हे खण जुने आहेत आणि त्यांचा कारागीरही माहीत आहे. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागाने ‘कोजिकी’ या 712 मधल्या ग्रंथावर अनेक दशके खपून प्रचंड भाष्य लिहिले. चिनी विचारपद्धतीने जपानी मन झाकोळले आहे, ते खरवडून काढले की खाली निर्मळ जपानी हृदय सापडेल, अशी त्याची श्रद्धा होती. त्याची भाषिक दृष्टी अलौकिक होती आणि ‘गेंजी’ची नैतिक छाननी करू नका हे त्याचे म्हणणे आजही मोलाचे आहे. पण त्याचा निवाडा हा एका बाजूच्या वकिलाचा होता. चिनी काव्यात ली शांगयिनच्या गूढ प्रेमकविता आहेत. जपानच्या ‘मान्योशू’ या जुन्या काव्यसंग्रहात यामानोउए नो ओकुराने गरिबी आणि करवसुलीवर लिहिलेली दीर्घ कविता आहे, आणि ओकुरा स्वतः चीनला जाऊन आलेला होता. खणात न मावणारे असे कवी दिसले की त्यांना अपवाद म्हणून बाजूला सारू नका, आधी तेच वाचा.

आधुनिक काळात प्रवाह उलटा फिरला. समाज, तत्त्वज्ञान, विज्ञान यांसाठी आज चिनी भाषेत वापरले जाणारे शब्द एकोणिसाव्या शतकात जपान्यांनी चिनी चिन्हांतून घडवलेले किंवा नव्या अर्थाने वापरलेले आहेत. हजारो चिनी तरुण तोक्योला शिकायला गेले. लू शुन 1902 मध्ये गेला, सेंदाईला वैद्यक शिकता शिकता ते सोडून साहित्याकडे वळला, आणि याची हकिकत त्याने 1922 मध्ये आपल्या पहिल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिली. त्याच सुमारास जपानमध्ये स्वतःच्या आयुष्याची लाजिरवाणी कबुली देणारी ‘मी’ची कादंबरी जोरात होती. तायामा काताईच्या 1907 मधल्या ‘फुतोन’चा नायक निघून गेलेल्या शिष्येच्या अंथरुणात तोंड खुपसून रडतो आणि कथा तिथे संपते. चिनी लेखक यू दाफू जपानमध्ये शिकत असतानाच 1921 मध्ये त्याची ‘छनलुन’ ही कथा प्रसिद्ध झाली. तीच कबुली, तोच एकटेपणा, तीच वासनेची लाज. पण शेवटी समुद्राकडे चाललेला त्याचा नायक आपल्या दुबळ्या देशाला हाक मारतो, तू कधी समर्थ होणार म्हणून. साहित्यप्रकार जपानकडून घेतला आणि शेवट ‘महाप्रस्तावने’च्या देशात जाऊन पोहोचला. 1945 मध्ये सुमात्रात जपानी लष्करी पोलिसांनी यू दाफूला ठार मारले. जपानी चांगले येत असल्यामुळे त्यांनी त्याला दुभाषा म्हणून राबवले होते. दोन साहित्यांच्या नात्याबद्दल लिहिताना हा मृत्यू वगळणे मला योग्य वाटत नाही.

मराठी अभ्यासकाने या क्षेत्रात बिचकत येण्याचे कारण नाही. जपानी अक्षरांची आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा ही मांडणी बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेली आहे. ‘सा’च्या ओळीचा जुना उच्चार च-वर्गाजवळचा आणि ‘हा’च्या ओळीचा प-वर्गाचा होता हे कळले की आपली वर्णमालाच समोर उभी राहते. पावसाच्या ‘शितोशितो’ आणि ‘झाझा’ अशा जपानी नादशब्दांना उत्तर द्यायला आपल्याकडे रिमझिम, टपटप, धो-धो आहेत. आणि परंपराही आहे. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी पुण्यात पाली ग्रंथांची चिनी अनुवादांशी तुलना केली, आणि 1970 मध्ये एका पाली विनयभाष्याच्या चिनी रूपाचा त्यांनी जपानी विद्वान हिराकावा आकिरा यांच्यासह केलेला अनुवाद भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. मराठी, पाली, चिनी आणि जपानी या चार भाषांची माणसे एका पानावर आणण्याचे काम आपल्याच गावात झालेले आहे.

पुण्यामुंबईत जपानी शिकणारे आज पुष्कळ आहेत, बहुतेक नोकरीसाठी. त्यांना माझे सांगणे एवढेच की परीक्षेची एक पातळी पार झाली की शोनागोनचा तो बर्फाचा उतारा आधुनिक जपानीत मिळवून वाचा, आणि त्याच्या शेजारी बाय जुयीची मूळ आठ ओळींची कविता ठेवा. चिनी शिकणाऱ्यांनी उलट दिशेने यावे. आणि दोघांनी मिळून या दोन भाषांतले निदान एकेक पुस्तक, इंग्रजीचा आधार न घेता, सरळ मराठीत आणावे. त्या कामाला माणसे हवी आहेत.